वीस घरांची भाजी : हस्तापासून मार्गशीर्षापर्यंत



रेडिओवर ऐकलेलं दुसऱ्या दिवशी निम्मं विसरतं, म्हणून हे पत्रक. घडी घालून जपून ठेवा, आणि हंगामाचा हिशेब मांडायला बसाल तेव्हा शेजारी घ्या.

विषय आहे अर्ध्या एकरातल्या भाजीचा. ही भाजी बाजार समितीत न नेता ठरलेल्या घरांना सबंध हंगामभर पुरवायची. घरांनी हंगामाचे पैसे अगोदर द्यायचे आणि तुम्ही दर आठवड्याला त्यांच्या दारात टोपली पोचवायची. टोपलीत काय असेल ते ऋतू ठरवील. विहिरीला मार्गशीर्षापर्यंत पुरेल एवढं पाणी हवं, आणि पंधरा-वीस किलोमीटरांत नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी यांसारखं एखादं गाव हवं. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण सावेडी-केडगावला जाणारा माणूस अजून ‘नगरला चाललो’ असंच म्हणतो.)

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं कुणी विचारील. कोथिंबिरीची पट्टी ज्यानं घरी आणली आहे त्याला सांगायला नको. भाव तेजीत असतो तेव्हा आपल्या रानात जुडी नसते, आणि आपली जुडी तयार होते तेव्हा सगळ्या तालुक्याची झालेली असते. काढणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात काय राहतं, हे तुम्ही आम्ही दोघंही जाणतो. ठरलेल्या घरांचा व्यवहार तेजीचा पैसा देत नाही, हेही आधीच सांगतो. जुडी चाळीस रुपयांना गेली त्या आठवड्यातही तुम्हाला ठरलेलेच पैसे मिळतील. ज्याला ही गोष्ट डाचते त्यानं या वाटेला जाऊ नये.

हा प्रकार परदेशात जुना आहे. जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात गृहिणींनी एकत्र येऊन शेतकऱ्यांशी थेट करार केले, त्याला ते ‘तेईकेई’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली दोन शेतांवर अशी पद्धत सुरू झाली. आपल्याकडे मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ या नावानं सेंद्रिय शेतकरी आणि ग्राहकांनी मिळून हंगामाची वर्गणी आणि आठवड्याची टोपली हा क्रम चालवून दाखवला. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तेव्हा आवाराबाहेर माल देण्याला कायद्याची आडकाठी नाही.

आणि खरं पाहिलं तर आपल्या गावालाही यातला हिशेब नवा नाही. बलुत्याचा व्यवहार आठवा. सुतार-लोहार वर्षभर काम करायचा आणि सुगीला धान्य न्यायचा. पीक चांगलं आलं तर त्याचं माप भरलेलं, बुडालं तर त्याचंही माप उणं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात या देण्याघेण्याची बारकाईनं नोंद केली आहे. त्या रिवाजातली जातीची उतरंड आणि लाचारी आपल्याला नको आहे. वर्षाचं भलंबुरं दोघांनी वाटून घ्यायचं, एवढाच धागा त्यातून घ्यायचा.

घरं किती घ्यावीत

सगळ्या पत्रकात हा भाग नीट वाचा, कारण हा व्यवहार मोडतो तो बहुतेक इथंच.

चार माणसांच्या घराला कांदा-बटाटा सोडून आठवड्याला साधारण पाच किलो भाजी लागते, असं धरून चाला. त्यात दोन पालेभाज्या, दोन-तीन फळभाज्या, मिरची आणि कोथिंबीर. वीस घरं म्हणजे आठवड्याला शंभर किलो. आता वीस गुंठ्यांत हंगामभर मिळून याच्या दुपटीनं भाजी सहज निघते. मग माणूस म्हणतो, चाळीस घरं का घेऊ नयेत? इथंच फसगत होते. भाजी हंगामभर सारखी निघत नाही. दिवाळीनंतरच्या एखाद्या आठवड्यात तीनशे किलो निघेल, आणि हस्ताचा पाऊस चार दिवस झोडपून गेल्यावर पंधरा दिवसांनी साठ किलो निघायची मारामार होईल. बाजाराला साठ किलो नेली तर कुणी विचारत नाही. इथं मात्र पैसे आधी घेतलेले असतात आणि वीस दारांत माणसं वाट बघत असतात.

म्हणून घरं ठरवायची ती रित्या आठवड्याच्या मापानं. मेथीचंच उदाहरण घ्या. पाव गुंठ्याच्या वाफ्यात, सगळं नीट जमलं तर, अठरा-वीस किलो मेथी निघते, म्हणजे लहानशा सत्तर जुड्या. पावसानं झोडपली, मर लागली, तर त्याच वाफ्यात वीस-पंचवीस. तुमचा आकडा वीस-पंचवीस हाच. सत्तर जुड्या निघाल्या त्या आठवड्यात घरांना एकेक जादा द्या, उरलेली आठवडी बाजारात बसून विका. पहिल्या वर्षी अर्ध्या एकरावर वीस घरांपुढे जाऊ नका. बारा घेतलीत तरी कुणी हसणार नाही.

पोळ्यापासून पेरणीचा क्रम

पहिली टोपली दसऱ्यानंतर द्यायची तर तयारी पोळ्याच्या आधीच हातात हवी. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं श्रावणात लागलेली हवीत, कारण वांग्याचा पहिला तोडा लागणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी येतो आणि टोमॅटोला त्याहून थोडे जास्त दिवस लागतात. दोडका, कारलं, दुधी मांडवावर चढलेले हवेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण आपल्या हवेला बसलेले आहेत : दुधीचा ‘सम्राट’, दोडक्याचा ‘फुले सुचेता’, कारल्याची ‘हिरकणी’. वांग्यात मात्र घरांना ‘मांजरी गोटा’च आवडतो. भरल्या वांग्याला दुसरं वांगं चालत नाही, असं ऐकून घ्यावं लागेल.

वीस गुंठ्यांची वाटणी साधारण अशी बसते : पालेभाज्या चार गुंठे, वांगी दोन, टोमॅटो दोन, भेंडी-गवार तीन, मांडवावरचे वेल तीन, कोबी-फ्लॉवर दोन, मिरची एक. राहिलेले तीन गुंठे रोपवाटिका, उकिरडा आणि वाटा यांत जातात. वाटांची जागा वाचवू नका. पावसात पाटी घेऊन फिरायला जागा नसली की माणूस वाफ्यात पाय देतो.

खरी गोम आहे पालेभाजीत. ती एकदम पेरायची नाही. चार गुंठ्यांचे पाव-पाव गुंठ्याचे सोळा वाफे करा आणि दर आठवड्याला, वार ठरवून, दोन-तीन वाफेच पेरा. एक मेथी, एक कोथिंबीर, आणि आलटूनपालटून पालक, शेपू किंवा मुळा. मेथी २५ ते ३० दिवसांत निघते, कोथिंबीर ३५ ते ४५, ‘पुसा चेतकी’ मुळा ४० ते ४५. पालक महिन्यानं पहिली कापणी देतो आणि मग दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. धणे पेरण्याआधी चपलेनं हलकेच रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा, नाहीतर उगवायला पंधरा-वीस दिवस घेतात आणि तेवढ्यात तण वर येतं.

पेरणीचा वार चुकवू नका. आज कंटाळा केला तर त्याचा खड्डा पाचव्या आठवड्यात टोपलीत दिसतो, आणि तेव्हा तो कशानंच भरत नाही. कोबीचंही तसंच. सगळी रोपं एका दिवशी लावली तर सगळे गड्डे एका आठवड्यात तयार होतात आणि फुटायला लागतात. दर पंधरवड्याला साठ-साठ रोपं लावा.

पाऊस, ऊन आणि थंडी

आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत सप्टेंबर हा बहुधा वर्षातला सर्वांत जास्त पावसाचा महिना असतो, आणि जाता जाता पाऊस काय करील ते सांगता येत नाही. २०१९ साली ऑक्टोबर उलटला तरी तो थांबला नाही आणि राज्यभर उभी पिकं गेली. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे रानंच वाहून गेली. स्वाती पडली तर माणिकमोती पिकतात असं आपण म्हणतो, ते ज्वारीच्या बाबतीत खरं आहे. कोवळ्या मेथीला तोच पाऊस घातक.

काळ्या रानात सपाट वाफ्यावर पालेभाजी पेरूच नये. तीन-चार फूट रुंद आणि वीतभर उंच गादीवाफे करा, आणि दोन वाफ्यांमधला चर रानाच्या खालच्या बांधापर्यंत नेऊन सोडा. चर अर्ध्यातच सोडला तर पाणी तिथंच साचतं. वाफा करताना चांगलं कुजलेलं शेणखत आणि त्यात ट्रायकोडर्मा मिसळलात तर रोपं कोलमडण्याचं प्रमाण कमी होतं. उघडीप मिळाली की त्याच दिवशी रिकामा वाफा पेरून घ्या, वाराची वाट पाहू नका. पावसात गेलेला वाफा उपटून पुन्हा पेरायला बी घरात हवं. प्रत्येक पालेभाजीचं निम्मं बी असं राखून ठेवा.

पाऊस गेला की चित्रा-स्वातीत ऊन चटके देतं. वर ओल, खाली वाफ, अशा वेळी मेथी-पालक नीट उगवत नाही. पेरल्यावर वाफ्यावर उसाचं पाचट किंवा ओलं गोणपाट टाका आणि कोंब दिसताच संध्याकाळी काढा. सकाळी काढलं तर दुपारीच कोंब करपतात.

मग विशाखा-अनुराधेत रात्री गार होतात. इथं एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. थंडीत भाजी चांगली येते, पण सावकाश येते. अठ्ठावीस दिवसांत निघणारी मेथी पस्तीस-चाळीस दिवस घेते. तुम्ही दर आठवड्याला तेवढंच पेरत राहिलात तर मार्गशीर्षाच्या सुरुवातीला एक आठवडा असा येतो की मागचं संपलेलं आणि पुढचं कोवळं. म्हणून दिवाळीच्या आधीच्या दोन पेरण्यांत एकेक वाफा वाढवा.

असे दोन खड्डे, एक पावसानंतरचा आणि एक थंडीतला, ठरलेलेच आहेत. ते भरायला हाताशी काहीतरी असावं. लाल भोपळा यासाठी फार उपयोगी. आषाढात उकिरड्याच्या कडेला चार आळी करून ठेवली तर दसऱ्यापर्यंत पिकलेले भोपळे निघतात, आणि देठासकट काढून कोरड्या जागी ठेवले तर दोन-तीन महिने टिकतात. त्या काळात बांधावर तांदुळजा आणि घोळही असते. शहरातल्या कितीतरी घरांत आजीला तिची आठवण असते, मिळत मात्र नाही. फक्त शेजारच्यानं तणनाशक मारलेल्या बांधावरची कधी घेऊ नका.

आणि कुंपणावर वाल लावा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. गावठी बियाणं जतन केल्याबद्दल त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांनी जपलेल्या वाणांत वालाचे कितीतरी प्रकार आहेत. गावठी वाल पावसात चढतो, दिवाळीच्या सुमारास शेंगा धरतो आणि थोड्या पाण्यावर संक्रांतीपर्यंत तोडे देतो. थंडीच्या खड्ड्यात टोपलीला याच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. झेंडूही विसरू नका. टोमॅटोच्या कडेला लावलेला झेंडू फळं पोखरणाऱ्या अळीचे पतंग स्वतःकडे ओढतो, आणि दसऱ्या-दिवाळीच्या टोपलीत ओंजळभर फुलं गेली की घर वर्षभर नाव काढतं.

फवारणी आणि विश्वास

घरं तुमच्याकडे येतात ती बहुधा विषाच्या धास्तीनं. तेव्हा एक तर औषध मारू नका, किंवा मारलं तर सांगा. तिसरा मार्ग काढू नका.

पुष्कळ कीड साध्या उपायांनी आवरते. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, थोडा साबणाचा चुरा घाला आणि एकूण शंभर लिटर पाणी करून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात गोळा कराव्या लागतात, दसऱ्याला त्या मिळत नाहीत. वांग्याचे सुकलेले शेंडे दिसले की खुडून जाळा, कारण अळी त्यात असते, आणि सोबत कामगंध सापळे लावा. कोबीत मधूनमधून मोहरीची ओळ टाकली की चौकोनी ठिपक्यांचा पतंग अंडी घालायला मोहरीवर जातो. भेंडीत हळद्या झालेलं झाड दिसताच उपटा. तो रोग पांढरी माशी पसरवते, आणि त्या झाडावर औषध मारून ते बरं होत नाही.

एवढं करूनही करप्यानं टोमॅटो हातचा जातो अशी वेळ आली आणि औषध मारावंच लागलं, तर फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही ते डब्यावर लिहिलेलं असतं. तेवढे दिवस टोमॅटो टोपलीतून वगळा आणि का वगळला ते चिठ्ठीत लिहा. शेजाऱ्याची भाजी घेऊन टोपली भरलीत तरी तेही लिहा. शहरातला माणूस उणी टोपली समजून घेतो. पण बाजारातून आणलेली भाजी तुमची म्हणून खपवलेली त्याला कळली, तर एक घर जात नाही, सगळी आळी जाते.

पैशाची वही

समजा, घरामागे आठवड्याला २०० रुपये ठरले आणि हंगाम बारा आठवड्यांचा धरला. एका घराचे २,४०० होतात आणि वीस घरांचे ४८,०००. हे पैसे एकदम हातात आले आणि पुढं दिवाळी असली, की काय होतं ते सांगायला नको. सोसायटीचा हप्ता आहे, पोरांचे कपडे आहेत, लेक माहेरी येणार आहे. पण ज्या भाजीचे ते पैसे आहेत ती अजून जमिनीतून वर यायची आहे. हे पैसे देणं आहेत, कमाई नाही. दर आठवड्याची टोपली पोचली की वीसाची चार हजारांची कमाई झाली, असं वहीत लिहा आणि तेवढेच खर्चाला काढा. बियाणं-खतासाठी सुरुवातीला उचलावं लागेल, तेही आकडा लिहून. पहिल्या वर्षी तर घरांकडून तीन हप्त्यांत पैसे घेतलेले बरे. त्यांनाही सोपं जातं आणि तुमचा हातही आवरतो.

टोपली उणी गेली तर काय, हे पैसे घेण्याआधीच बोलून ठेवा. आमच्या मते असं ठरवावं : पाऊस, गारपीट, कीड यामुळं टोपली उणी आली तर घरानं सोसावं, भरभरून आली तर घरानंच जास्त न्यावं. तुमच्या हयगयीमुळं, म्हणजे वार चुकला किंवा गाडी आली नाही, तर तो आठवडा तुम्ही शेवटी भरून द्यावा. दोन ओळींचा कागद करून दोघांच्या सह्या घ्या. कोर्टकचेरीसाठी तो लागणार नाही, पण बोलणं विसरलं तर कामाला येईल.

वहीत आणखी एक रकाना हवा, आणि तो बहुतेक वह्यांत नसतो. वीस टोपल्यांची भाजी काढायला, निवडायला, जुड्या बांधायला दोन माणसांना पहाटे पाचापासून नऊपर्यंतचा वेळ लागतो. ही दोन माणसं म्हणजे बहुतेक ठिकाणी घरची बाई आणि सासू. त्या दिवसांत ज्वारीची पेरणी-खुरपणी असते, कांद्याची लागण असते, बाहेरून मजूर मिळत नाही. तेव्हा गावातल्या रोजाच्या दरानं त्यांची मजुरी वहीत मांडा आणि त्यांच्या हातात द्या. ती मांडल्यावरही काही उरत असेल तर धंदा फायद्यात आहे. उरत नसेल तर दर वाढवा किंवा घरं कमी करा. बाईच्या फुकट कष्टावर दिसणारा फायदा धरून पुढच्या वर्षी घरं वाढवू नका.

टोपली पोचवताना

पालेभाजी दव उतरल्यावर पण ऊन चढण्याआधी काढा. चिखल असेल तर मुळं धुवा, पान भिजवू नका, ओली जुडी गाडीतच तापते. खाली भोपळा-कोबी, मधे वांगी-दोडका, वर टोमॅटो आणि सगळ्यांत वर ओल्या फडक्यात पालेभाजी, असं क्रेट भरा. मोटारसायकलवर एका फेरीत दहा घरांचा माल बसतो. वीसही घरं एका भागातली मिळाली तर उत्तम. निम्मी सावेडीला आणि निम्मी केडगावला असतील तर दोन वार करा, म्हणजे तोडणीचा बोजाही विभागतो.

टोपलीत एक चिठ्ठी घाला. या आठवड्यात काय आहे, पुढच्या आठवड्यात काय येईल, पाऊस किती झाला. मोबाइलवर पाठवलीत तरी चालेल. हंगामात एकदा, शक्यतो दिवाळीच्या सुट्टीत, घरांना रानात बोलवा. पोरं वांगी तोडतील, थोडी नासधूसही होईल. पण चिखलात बसलेली मेथी एकदा डोळ्यांनी पाहिली की पुढची उणी टोपली समजावून सांगावी लागत नाही.

मार्गशीर्ष संपत आला की मांडवावरचा एक चांगला दोडका, कुंपणावरचा एक वेल वाल आणि मेथीचा एक वाफा न तोडता सोडा. कुणी चुकून तोडू नये म्हणून त्यांना लाल चिंधी बांधा. दोडका वेलावरच वाळून आत बी खुळखुळू लागलं की काढा, वालाच्या शेंगा कडकडीत झाल्या की सकाळच्या गारव्यात खुडा, नाहीतर तडकून बी रानात पडतं. राख चोळून डब्यात भरा आणि डब्यावर वाणाचं नाव आणि साल लिहून ठेवा.